कमलताईंचे बिघाड

कमल साळवे यांच्या हातून आयुष्यात कधी काही मोडलं नाही, आणि मोडलंच तर ते टाकलं गेलं नाही. पालिकेच्या इस्पितळात फाटक्या चादरी आणि उशांचे अभ्रे शिवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. घरी आल्यावरही हाताला चैन नसायचं, म्हणून शेजारपाजारच्या पिशव्यांचे तुटलेले बंद आणि छत्र्यांचे उसवलेले कोपरे आपसूक त्यांच्याकडे यायचे. घाटकोपरच्या पंतनगरात त्यांच्या खिडकीत कान तुटलेल्या कपांची रांग होती आणि प्रत्येक कपात काहीतरी हिरवं उगवलेलं. अशा बाईला साठी उलटल्यावर सुनेने मोडण्याच्या कामाला लावलं, आणि त्या कामात त्या अशा काही रमल्या की बघत राहावं.

सून म्हणजे शीतल. पवईच्या एका कंपनीत ती नेटवर्क इंजिनीयर होती. बँकांच्या शाखा, गोदामं, दुकानं यांचे कॉम्प्युटर एकमेकांशी न अडखळता बोलत राहिले पाहिजेत, हे बघणं तिचं काम. सगळं सुरळीत असलं की तिची कुणाला आठवण होत नाही, बंद पडलं की एकदम सगळ्यांना होते. या धंद्यातली सगळ्यात वरची म्हणून जी परीक्षा आहे, तिच्या मागे ती लागली होती. लेखी भाग पहिल्या झटक्यात पास झाली. खरी मेख होती प्रात्यक्षिकात. त्यासाठी बेंगळुरूला जायचं, दिवसभर एका स्क्रीनसमोर बसायचं, यंत्रांचं मोठं जाळं उभारायचं आणि परीक्षकांनी मुद्दाम पेरून ठेवलेले बिघाड हुडकून दुरुस्त करायचे.

पहिल्या खेपेला ती नापास होऊन आली. दारात चपला काढतानाच म्हणाली, "माझी मीच वाट लावली, आई. सगळं जमलं होतं. वेळही उरला होता. पण मला वाटत राहिलं, एवढं सोपं कसं असेल? कुठेतरी काहीतरी राहिलंय. म्हणून जे बरोबर होतं तेही बदलत बसले."

कमलताईंनी पाणी दिलं. दुसरं काय द्यायचं ते त्यांना कळेना.

आता दुसरी खेप, आणि हीच शेवटची. लेखी परीक्षेच्या निकालाची मुदत संपत आली होती. या वेळी नाही झालं तर पुन्हा पहिल्यापासून. "पहिल्यापासून नाही हां," शीतलने जाहीर केलं होतं. "झालं तर झालं, नाहीतर सोडून देणार." ही पोरगी बोलल्याप्रमाणे करते, हे कमलताईंना माहीत होतं, आणि म्हणूनच त्यांना घोर लागला.

शीतलला सराव घरच्या कॉम्प्युटरवर करता येत होता. यंत्रांचं सगळं जाळं स्क्रीनवर चौकोन आणि रेघांच्या रूपाने उभं राहायचं. पण बिघाड कोण करणार? स्वतःच करून स्वतःच शोधायचा म्हणजे एकट्यानेच लपाछपी खेळल्यासारखं. आधी हे काम तिच्या नवऱ्याकडे, प्रितमकडे आलं. प्रितम विमा कंपनीच्या कचेरीत कामाला, स्वभावाने लोणी. बिघाड तो बरा करायचा, पण बायकोच्या कपाळावर आठी दिसली की याला राहवायचं नाही. चहा निवायच्या आत "उजवीकडचा दुसरा बघ ना" म्हणून मोकळा व्हायचा. पहिल्याच रविवारी शीतलने त्याला कामावरून काढून टाकलं.

मग ती सासूकडे वळली. "आई, तुम्ही माझं नेटवर्क मोडाल का?"

"मी?" कमलताईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "अगं, लोकं काय म्हणतील? सासूने सुनेचा अभ्यास मोडला म्हणून नाव निघेल माझं."

"मीच सांगतेय ना! तुम्हाला त्यातलं काही कळत नाही, म्हणूनच तुम्ही पाहिजे. तुम्ही कुठे काय कराल याचा मला अंदाजच येणार नाही."

ही स्तुती होती की काय, यावर कमलताईंनी थोडा विचार केला आणि पदर खोचला.

शिकवायला फार वेळ लागला नाही. चौकोनावर दोनदा बोट दाबलं की काळी खिडकी उघडते. अमुक टाइप केलं की आत जायचं, तमुक केलं की सगळ्या ओळी दिसतात. कुठल्याही ओळीतलं काहीही बदला आणि गुपचूप बाहेर या. रविवारी सकाळची वंदना आटोपली की शीतल पिशवी घेऊन बाजारात जायची आणि तेवढ्या वेळात कमलताई कामाला लागायच्या. पहिल्या रविवारी त्यांनी एक यंत्र सरळ बंदच करून टाकलं. शीतलला खुर्चीवर टेकायच्या आधी ते दिसलं.

"एवढं ढळढळीत नको, आई. चोर काय पाटी लावून येतो का?"

हे मात्र त्यांना लागलं. पुढच्या रविवारी त्यांनी एका लांबलचक आकड्यातला मधलाच एक आकडा बदलला आणि शीतल शोधत असताना शेजारी बसून अगदी भोळ्या चेहऱ्याने लसूण सोलत राहिल्या. त्याच्या पुढच्या वेळी दोन ठिकाणी मोडलं. एक ठिकाण असं की दुसऱ्यावरच संशय जावा. शीतलला सापडलं तेव्हा ती खुर्चीतून उठून ओरडली, "आई, तुम्ही डेंजर आहात!" आणि कमलताई पोट धरधरून हसल्या. इतकी वर्षं जपून, शिवून, सांधून काढलेल्या त्या बाईला कळलं की मोडण्यात केवढी मजा असते. भाजी चिरतानाही त्यांच्या डोक्यात पुढच्या रविवारचं कारस्थान शिजत असायचं.

शेजारच्या कुंदाताईंनी एकदा विचारलं, "रविवारी दार लावून काय करता हो तुम्ही?"

"सुनेच्या कामात खोडा घालते."

"आणि सून?"

"ती म्हणते, अजून घाला."

कुंदाताईंचं आपल्या सुनेशी पाणी भरण्यावरूनही वाजायचं. त्यांना हे पचायला बरेच दिवस लागले.

मग तो रविवार आला. शेजारशेजारच्या दोन यंत्रांनी एकमेकांना ओळखावं म्हणून दोन्हीकडे एकच परवलीचा शब्द लिहिलेला असतो. कमलताईंनी तो बदलायचं ठरवलं, पण ऐन वेळी त्यांना भीती वाटली. हे जरा जास्तच होईल, म्हणून त्यांनी होता तोच शब्द, अक्षर न अक्षर बघून, परत टाइप केला आणि बिघाड दुसरीकडे केला. तो शीतलला सापडला. पण जाळं काही सुरू होईना.

"अजून कुठे काय केलंत, आई?"

"काही नाही गं. केलं ते तुला सापडलं की."

शीतल शोधत राहिली. दोन्हीकडचे शब्द तिने शेजारी ठेवून पाहिले, अगदी सारखे. जेवण निवलं. प्रितम दोनदा डोकावून परत गेला. दुपार उतरली तशी शीतल उठून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून रडली. कमलताई दारात उभ्या राहून हातातला रुमाल पिळत होत्या. आपण काय करून बसलो ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं.

दिवेलागणीला शीतलला सापडलं. कमलताई नुकत्याच मोबाइलवर निरोप टाइप करायला शिकल्या होत्या, आणि शब्द संपला की मोकळी जागा सोडायची हे त्यांच्या बोटांनी पक्कं धरलं होतं. परवलीच्या शब्दामागेही त्यांनी ती सोडली होती. डोळ्यांना दिसत नाही, पण यंत्राला चालत नाही. शीतल हसत सुटली. "मला खलास केलंत तुम्ही आज! परीक्षकालासुद्धा सुचणार नाही असलं."

कमलताईंना मात्र हसू आलं नाही. सुनेची ओट्याला टेकलेली पाठ त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

त्यानंतर शीतलला बिघाड भराभर सापडायला लागले. पुढच्या रविवारी सापडला, त्याच्या पुढच्या रविवारीही पाणी पिण्याआधी सापडला. ती खूश. तिसऱ्या वेळी बिघाड सापडल्यावर मात्र तिने खुर्ची वळवली आणि सासूकडे रोखून पाहिलं.

"आई, खरं सांगा. मुद्दाम सोपं देताय ना मला?"

प्रितम कुणावर गेला होता ते त्या क्षणी उघड झालं. "तू रडलीस ना त्या दिवशी," कमलताई पुटपुटल्या. "मला नाही बघवलं."

शीतल उठून त्यांच्या शेजारी येऊन बसली. रागावली होती, पण आवाज चढवला नाही. "घरी रडू दे ना मला, आई. तिथे रडायला वेळ नसतो. तुम्ही माया केलीत तर तिथले लोक थोडीच करणार आहेत? परीक्षेआधी एकच रविवार उरलाय. मला कठीण द्या. एकदम वाईट वागा माझ्याशी."

"वागते," कमलताई म्हणाल्या. डोळे पुसले आणि पुन्हा म्हणाल्या, "वागते बघ."

तो शेवटचा रविवार. शीतल बाजारात गेली. कमलताई सगळी जुळवाजुळव करून, डोक्यात तीन भयंकर बेत घेऊन कॉम्प्युटरसमोर बसल्या. स्क्रीनवर जाळं चालू होतं. रेघांवरचे सगळे ठिपके हिरवे. कुठे तांबडं नाही, कुठे अडलेलं नाही. शीतलने पहाटे उठून ते अगदी पहिल्यापासून नवं उभारलं होतं. कमलताईंनी काळी खिडकी उघडली आणि बंद केली. दुसरी उघडली, तीही बंद केली. इतकं छान चाललेलं, त्याला बोट लावायला त्यांचा हातच होईना. दारात पिशवी वाजली तशा त्या गडबडीने उठल्या.

"केलंत?"

"केलं," कमलताई म्हणाल्या. सुनेशी खोटं बोलायची त्यांची ती पहिलीच वेळ. "शोधून काढ बघू."

शीतल बसली. चौकोन उघडले, ओळी वाचल्या, आकडे ताडून पाहिले. परवलीच्या शब्दांच्या मागे जाऊन मोकळी जागा आहे का तेही तपासलं. काहीच नाही. तिचे खांदे वर चढत गेले. एकदा बोटं कीबोर्डवर जाऊन थांबली, एक ओळ बदलायला निघाली, परत मागे आली. पलीकडे कमलताई तांदूळ निवडत होत्या आणि निवडलेलेच पुन्हा निवडत होत्या. दहादा त्यांच्या ओठांवर आलं, की बाई, काही नाही त्यात, ऊठ, जेव. पण वाईट वागायचा शब्द दिला होता. त्यांनी जीभ दाताखाली धरली.

शेवटी शीतलने हात मांडीवर ठेवले. चेहरा उतरला होता. घाबरत घाबरत, परीक्षकाशीच बोलावं तशी ती म्हणाली, "आई, यात काही बिघाड नाहीये."

"नक्की?"

शीतलने एकदा स्क्रीनकडे पाहिलं. "नक्की. सगळं बरोबर आहे."

"मग एवढा वेळ का लावलास म्हणायला?"

शीतलला कळायला एक क्षण लागला. कळलं तशी तिने उशी उचलून सासूला मारली. पंतनगरात सुनेने सासूला उशी मारल्याची आणि सासू खदखदून हसल्याची ही बहुधा पहिलीच नोंद. प्रितम बाहेर येऊन विचारत राहिला, काय झालं, काय मोडलं? त्याला उत्तर द्यायच्या स्थितीत दोघीही नव्हत्या.

परीक्षेच्या संध्याकाळी बेंगळुरूहून फोन आला. कमलताईंनी पहिल्या रिंगलाच उचलला.

"सगळं करून झालं, आई. वेळ उरला."

कमलताईंनी फोन कानाशी घट्ट धरला. उरलेल्या वेळाचं मागे काय झालं होतं, ते त्या विसरल्या नव्हत्या. "मग? काय केलंस त्या वेळात?"

"हातावर हात ठेवून बसले. खूप वाटलं, अजून एकदा बघावं, हे बदलावं, ते बदलावं. नाही बदललं."

निकालाची मेल ती घरी परतल्यावर, नाश्त्याच्या वेळी आली. शीतलने फोन हातात घेतला, उपडा ठेवला, पुन्हा उचलला. प्रितमला बघवेना म्हणून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तिने वाचलं. मग अगदी हळू म्हणाली, "पास लिहिलंय."

कमलताईंनी दोन्ही हात तोंडावर धरले. प्रितम ओरडला तो थेट कुंदाताईंच्या घरात ऐकू गेला.

पण शीतलची नजर फोनवरून हटेना. ती परत वाचायला लागली. स्क्रीन वर सरकवली, खाली सरकवली. "थांबा हां, नीट बघू दे. आपलं नाव दुसऱ्या कुणाच्या..."

कमलताईंनी तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि पोह्यांची बशी तिच्यापुढे सरकवली.

"बरोबर आहे ते," त्या म्हणाल्या. "खा आता."