आवतणबाबा

झाडपाल्याचं औषध या माणसानं कधी एका फेरीत आणलं नाही. आदल्या संध्याकाळी झाडाच्या बुंध्याशी तांदळाचे दाणे ठेवायचे, "उद्या येतू, कामाला चल," म्हणून झाडाला सांगायचं, आणि सकाळी जाऊन साल काढायची. लग्नघरचं आवतण देतात ना, अगदी तसं. रानशेतहून तो आमच्या चिकूच्या वाडीत कामाला यायचा. खरं नाव राहिलं बाजूला, आम्ही त्याला आवतणबाबाच म्हणायचो.

मला भारी वैताग यायचा. डोकं ठणकतंय आज, आणि पाला मिळणार उद्या! "अरे बाबा, झाड काय पळून जातंय?" मी म्हणायचे. "तुला कोनी न इचारता हात धरून नेला त चालंल का, बाय?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. कुडा, अडुळसा, मुरुडशेंग, सगळ्यांना तो भावकीतल्यासारखं वागवायचा. साल काढायची तीही एकाच बाजूची. "सगला अंग उघडा नाय करू," म्हणायचा.

२०१७च्या हिवाळ्यात त्याच्या बायकोला जुलाब लागले. संध्याकाळी तो रस्त्याकडच्या उतारावरल्या जुन्या कुड्याला तांदूळ ठेवून आला. सकाळी मी चारोटीला निघाले, तर हा कडेला बसलेला. रस्ता रुंद करायला पहाटेच मशीन लागलं होतं. अख्खा उतार बोडका, आणि कुडा याच्या पुढ्यात आडवा. साल हवी तेवढी.

"अरे, बायको घरी पडलीये, उचल की!" मी ओरडलेच.

"आवतन झाडाला दिलेला, बाय. लाकडाला नाय."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी रिक्षा केली, बाईला सरकारी दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, बाई उठून बसली. मला वाटलं, सुटलो. पण बाबा त्या दिवसापासून जो मिटला तो मिटलाच. "थांब सांगलेला मी त्याला. माझ्या शब्दासाठी उभा रायला न् मेला," एवढंच म्हणायचा. मी समजावून समजावून थकले. झाड कुठे जाणार होतं, पाय आहेत का त्याला? पण ऐकेल तर शपथ. पार वेवजीहून माणसं औषधाला यायची, त्यांनाही तो दवाखान्याची वाट दाखवायचा. पुन्हा कुठल्या झाडाला त्याने आवतण म्हणून दिलं नाही.

पुढे मला खोकल्यानं धरलं. आमच्या विहिरीजवळचा अडुळसा त्यानंच लावलेला. पाला मागितला, तर माझ्या हातावर तांदूळ ठेवले. "तू दे आवतन. माझा शब्द आता झाडां घेत नाय." ऐकून फार वाईट वाटलं मला. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला.

आता रस्ता आमच्या कुंपणापर्यंत आलाय. खोकला काही जात नाही. संध्याकाळी अडुळशापाशी दाणे ठेवते, "सकाळी येते हं," म्हणते, आणि घरात येऊन पडते. डोळ्याला डोळा लागत नाही. सकाळी ते झाड जागेवर असेल ना, एवढाच घोर.