बाई तिथं आधीच जाऊन आल्या होत्या

असल्या गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत, हे आधी सांगते. परभणीजवळ झरीच्या शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवतेय. भानामती वगैरे काही नसतं हे मुलांना पटावं म्हणून हळदीच्या पाण्यात चुना टाकून त्याचं 'रक्त' करून दाखवणारी मी. इथले अनुभव वाचते, पण वाचता वाचता मनात प्रत्येकाचं उत्तर शोधत असते. म्हणूनच स्वतःचं लिहायला इतके दिवस लागले...

गेल्या वर्षी आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. लग्नानंतर आम्ही दोघं फिरायला असं कुठं गेलोच नव्हतो. तेव्हा यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान नुकतंच सुरू झालं होतं, मग मुलगी झाली, मग तिचं शिक्षण. ती पुण्यात नोकरीला लागली आणि एक दिवस हे जेवताना म्हणाले, यंदा युरोपला जाऊ, दोघंच. मला वाटलं थट्टा करतायत. पण दोन दिवसांनी पासपोर्टला काय काय कागद लागतात ते विचारून आले.

मग आमच्या रविवारच्या दुपारी बदलल्याच. जेवणं झाली की टेबलावर नकाशा. मी नवे बूट घालून रोज सकाळी वसमत रोडवर चालायला जायला लागले. हे दुकानात तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता मोबाईलवर फ्रेंच ऐकायचे, गिऱ्हाईकं हसायची. यांच्या वहीत एक ओळ होती — 'पॅरिस. एक संध्याकाळ काहीच बघायचं नाही, नुसतं बसायचं.' मी ती वाचलीय हे मी यांना सांगितलं नाही. पंचवीस वर्षांत या माणसानं मला एकदाही असलं काही बोलून दाखवलं नव्हतं.

बाई म्हणजे माझ्या सासूबाई. यांची आई. वय अठ्ठ्याहत्तर. राणीसावरगावची जमीन बटईनं कसायला दिल्यापासून आमच्याकडेच असतात. सासरे — त्यांना सगळे दादा म्हणत — कावीळ होऊन गेले तेव्हा हे आठ वर्षांचे होते. दादांचा एकही फोटो नाही. आणि बाईंनी त्यांच्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. लहानपणी यांनी विचारलं की बाई उठून कामाला लागायच्या. पुढं यांनी विचारणंच सोडून दिलं. बाईंनी आयुष्यात केलेला सगळ्यात लांबचा प्रवास तुळजापूरचा, तोही दादा गेल्यानंतर, गावातल्या बायांबरोबर.

जानेवारीतला एक रविवार. हे मला कार्यक्रम वाचून दाखवत होते — पॅरिस, मग स्वित्झर्लंडमधलं एक मोठं शहर, मग इटली. बाई शेजारीच दिवाणावर बसून सुपातली तूर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तळ्याचं गाव घ्या मधी. आमी गेलो व्हतो तितं. मी अन् तुजे दादा."

आम्ही दोघं हसलो. टीव्हीवर काही पाहिलं असेल, असं मला वाटलं. पण यांचं हसू लगेच गेलं. चाळीस वर्षांत बाईंच्या तोंडून 'तुजे दादा' हे शब्द यांनी पहिल्यांदा ऐकले होते.

त्या दिवशी बाई बोलत राहिल्या. अगदी साध्या आवाजात, बाजाराला जाऊन आल्यासारखं. देवळाच्या बाजूनं — चर्चला त्या देऊळच म्हणत होत्या — एक बोळ खाली तळ्याकडं जातो. पुढं दगडी पायऱ्या, मोजून नऊ. शेवटची पाण्यात. बाजूला दगडाचा हौद, त्यात बैलाच्या तोंडातून पाणी पडतं. बैल दगडाचाच, पण त्याचं डावं शिंग मोडलेलं. दादांनी त्या शिंगावरून हात फिरवला, पोळ्याला फिरवतात तसा. पायऱ्या मात्र ते सातच उतरले.

"त्यायला पाण्याचं लय भ्या," बाई म्हणाल्या. "माजा पदर धरून मागंच हुबे."

 यांनाही पाण्याची भीती आहे. विहिरीत वाकून पाहत नाहीत, पोहायला कधी शिकले नाहीत. संध्याकाळी यांनी गंगाखेडला शोभाताईंना, म्हणजे मोठ्या बहिणीला फोन केला. दादा गेले तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. त्या म्हणाल्या, खरंय, दादा विहिरीत कधीच उतरायचे नाहीत, पोहऱ्यानं पाणी काढून काठावर आंघोळ करायचे.

पुढच्या रविवारी बाई परत त्याच गावाबद्दल बोलल्या. त्याच्या पुढच्याही. लाकडी सज्जे, त्यात लाल फुलं. पाणी इतकं गार की पायाला मुंग्या आल्या. मी घाबरले होते. हे वयाचं काहीतरी दुखणं सुरू झालंय असं वाटून आम्ही त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी वार विचारला, नातीचं नाव विचारलं, उलटे आकडे म्हणायला लावले. बाईंनी सगळं बरोबर सांगितलं. या वयात ऐकलेलं-पाहिलेलं कधी कधी स्वतःचं वाटतं, काळजी करू नका, असं डॉक्टर म्हणाले.

हे मात्र काळजीपेक्षा वेगळ्याच गोष्टीत अडकले होते. रविवारी नकाशा आता टेबलावर नुसताच पडून राहायचा. हे दिवाणावर आईच्या पायाशी बसायचे आणि विचारायचे... दादा काय म्हणाले मग? हसायचे का ते? आवाज कसा होता? पन्नाशीचा माणूस, पण चेहरा आठ वर्षांच्या पोराचा. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहायची. खोटं आहे हे, असं सांगून काय मिळवणार होते मी?

मार्चमध्ये हे म्हणाले, सहल रद्द करू. आपण गेलो आणि मागं बाईंचं बोलणं थांबलं तर? मला राग आला, खोटं कशाला बोलू. त्या दुपारी आम्ही भांडलो. बाईंनी आतून ऐकलं असावं. बाहेर येऊन म्हणाल्या, "मी काय येडी न्हाई झाले. जावा तुमी दोघं. तिला अजून कवर थांबवायलास?"

त्याच आठवड्यात ट्रॅव्हलवाल्याचा फोन आला. स्वित्झर्लंडमधल्या त्या शहरात हॉटेल मिळत नव्हतं. दोन रात्री तासाभरावरच्या एका छोट्या गावात केल्या तर चालेल का, असं तो विचारत होता. गावाचं नाव आम्ही कधी ऐकलेलंही नव्हतं. यांनी एवढंच विचारलं, तिथं तळं आहे का? तो म्हणाला, हो, हॉटेल तळ्याकाठीच आहे.

मे महिन्यात शोभाताई बाईंजवळ राहायला आल्या आणि आम्ही निघालो. पॅरिसमध्ये वहीतल्या ओळीप्रमाणे एक संध्याकाळ नुसते बसलो. यांनी माझा हात हातात घेतला होता... तेवढं पुरे. इथं त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

त्या गावाचं नाव मुद्दाम देत नाही. पोचलो त्याच दिवशी जेवण करून बाहेर पडलो, लख्ख ऊन होतं. स्वित्झर्लंडमध्ये तळ्याकाठी गावं पुष्कळ आणि प्रत्येक गावात चर्च असतंच, असं मी स्वतःला बजावत होते. चर्चच्या बाजूनं बोळ होता. खाली पायऱ्या होत्या. हे एकेक पायरी उतरत मोठ्यानं मोजायला लागले आणि सातवर थांबले. पुढच्या दोन मी मोजल्या. नववीवर पाणी होतं.

हौद डाव्या हाताला होता. बैलाचं डावं शिंग मुळापासून मोडलेलं, आणि मोडलेली जागा गुळगुळीत — पुष्कळ जुनी.

 हे वर आले, त्या दगडावरून हात फिरवला, मग ओंजळीत पाणी घेऊन तोंड धूत राहिले, कितीतरी वेळ. थोड्या वेळानं एक बाई कुत्रं घेऊन चालली होती, तिला खुणेनं सांगून आम्ही पायऱ्यांवर बसून एक फोटो काढून घेतला. हॉटेलवर येऊन मी इंटरनेटवर शोध शोध शोधलं. गावाचे फोटो सापडले, तळ्याचे सापडले, त्या बैलाचा एकही नाही. असेलही कुठंतरी. पण बाईंना मोबाईलवर फोन उचलण्यापलीकडं काही येत नाही.

परत आलो त्या दिवशी चहा झाल्यावर हे बाईंजवळ बसले आणि आधी बैलाचा फोटो दाखवला. बाईंनी चष्मा लावून पाहिला. कुठला हाय म्हणाल्या. यांनी आठवण करून दिली — तळ्याचं गाव, नऊ पायऱ्या, तुम्ही आणि दादा. बाई यांच्याकडं पाहतच राहिल्या. त्यांना काही म्हणजे काहीच आठवत नव्हतं. आपण असं काही बोललो, हेही त्यांना पटेना. शोभाताईंनी सांगितलं, आम्ही गेल्यापासून बाईंनी तो विषय एकदाही काढला नव्हता.

यांच्या चेहऱ्याकडं मला बघवेना. बोट लागून पुढचा फोटो आला, आमच्या दोघांचा, पायऱ्यांवरचा. बाईंनी फोन जवळ घेतला.

"तुजे दादा बी असंच बसायचे," त्या म्हणाल्या. "माज्यापासून हातभर लांब. कुणी बगंल म्हून लाजायचे."

यांनी जपून विचारलं, "कुठं बसायचे, बाई?"

"शेतात, बांधावर. अजून कुटं? आमी कुटं गेलो व्हतो दुसरीकडं?" आणि मग त्या सांगायला लागल्या — कोणत्या बांधावर, कोणत्या बाभळीखाली, भाकरीचं फडकं सोडताना दादा आधी काय म्हणायचे... शोभाताई मधे मधे मान हलवत होत्या. यातलं सगळं खरं होतं.

जानेवारीपासून आम्ही निघेपर्यंत आमच्या घरात कोण काय बोलत होतं, मला माहीत नाही. डॉक्टरांना पुन्हा भेटून सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. शाळेत मी अजूनही हळद-चुन्याचा प्रयोग करून दाखवते. पण त्या बैलाचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि शोधायची घाईही आता राहिलेली नाही. दर रविवारी जेवणं झाली की हे बाईंच्या पायाशी बसतात, आणि बाई दादांबद्दल बोलतात.