दगडाने घेतलं अंगावर

आईच्या उजव्या छातीत गाठ लागली. डॉक्टरांनी सुईची तपासणी सांगितली, सोमवारी जायचं ठरलं. त्याआधीच शेजारच्या काकूंनी तिच्या गळ्यात एक काळंभोर पदक घातलं. ऑब्सिडियन. म्हणे अंगावरचं संकट ओढून घेतं.

मी कॉलेजात भूगोल शिकवते, त्यामुळे गप्प बसवेना. "आई, ही ज्वालामुखीची काच आहे. दाट लाव्हा इतका झटकन निवला की स्फटिक धरायला वेळच मिळाला नाही. दिसते छान, पण ठिसूळ. कोमट साबणाच्या पाण्याने धुवायची, मऊ फडक्याने पुसायची, बाकी दागिन्यांपासून वेगळी ठेवायची."

"आणि आपली पर्वती?"

"तोही लाव्हाच, पण पातळ. सावकाश निवला, त्याचा फत्तर झाला."

"झालं लेक्चर? चहा घे."

काकूंचं शास्त्र वेगळं होतं. त्यांनी सांगितल्याप्रमाणे रविवारी सकाळी आईने पदक मिठाच्या कढत पाण्यात ठेवलं आणि तसंच उचलून माठातल्या गार पाण्यात सोडलं. कट् आवाज आला. दोन तुकडे. कड इतकी धारदार, की उचलताना बोट कापलं ते तिला रक्त दिसेपर्यंत कळलं नाही.

मी म्हणणार होते, बघ, सांगत होते ना. पण आई हसत होती. गाठ लागल्यापासून ती इतकी मोकळी हसली नव्हती. "गेलं बाई! दगडाने घेतलं अंगावर," म्हणत तिने देवापुढे साखर ठेवली. "आता कशाला ती सुई?"

"अगं, गरमावर गार पडलं म्हणून फुटलं. चहाचा ग्लास फुटतो तसं."

"मग नेमकं आजच बरं फुटलं?"

मी ओरडले, रडलेसुद्धा. बाबांना म्हटलं, तुम्ही तरी सांगा. खडकीच्या कारखान्यात दारूगोळ्यापाशी उभा जन्म काढलेला माणूस, पेपरातून मान वर न करता म्हणाला, "तिला बरं वाटतंय ना, राहू दे." तो सोमवार गेला. पुढचेही गेले. काकू आता अख्ख्या बिल्डिंगला आईचा दाखला देतात. मला त्यांचा संताप येतो आणि त्यांच्याच हातचे लाडू खावे लागतात.

परवा निघताना मी आईला जवळ घेतलं. तिने पटकन हात मध्ये आडवा धरला.

"दुखतंय?"

"छे गं. घामेजलेय मी, लांब हो."

थंडीचे दिवस, अंगावर शाल. तिने माझ्याकडे बघायचं टाळलं. तिलाही ठाऊक आहे, हे मला तेव्हा कळलं, आणि मी पुरती घाबरले.