जमनाअक्काची वीस मिनिटं

आमच्या संस्थेत रणजीतइतका चिवट माणूस दुसरा नाही. जे. पी. नगरातल्या एका कोंदट खोलीत बसून तो चौदा वर्षं हरवलेल्या, बेवारस माणसांची माहिती सांभाळतोय. कोण कुठल्या आश्रयगृहात आहे, अंगावर काय खूण आहे. पगार बेताचा आणि कौतुक करणारी एकटी मी, तीही त्याच्या तोंडावर कधी नाही.

दर गुरुवारी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या येलहंक्याहून जमनाअक्का यायची, मराठीत कानडी मिसळून बोलणारी. तिचे यजमान नरसिंहराव स्मृती गेलेल्या अवस्थेत घरातून निघून गेले, त्याला तीन वर्षं झाली होती. स्वतःचं नाव त्यांना सांगता आलं नसतं, पण दंडावर 'जमना' गोंदलेलं होतं. रणजीत लाखो नोंदींत तेवढा एक शब्द शोधायचा.

नावं शोधायला संगणकात सूची होती. शब्दकोशासारखं सुरुवातीचं अक्षर धरायचं की झटकन पान सापडतं. पण हा शब्द नोंदीच्या मध्येच कुठेतरी असणार, तिथे ती सूची कुचकामी. मग संगणक पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत वाचत बसायचा. वीस मिनिटं लागायची. तोवर अक्का यजमानांच्या खोड्या सांगायची, हसायचीसुद्धा.

रणजीतला तिचं ताटकळणं बघवेना. महिनाभर सुट्टीच्या दिवशी खपून त्याने नवी सूची बांधली. प्रत्येक नोंदीचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडून ठेवले, म्हणजे मधला शब्दही लगेच सापडावा. "एवढी अक्कल लग्न जमवायला वापरली असतीस तर!" मी म्हटलं. तो लाजला.

गुरुवारी अक्का खुर्चीत टेकते न टेकते तोच उत्तर आलं. नाही.

"इतक्यात?"

"सगळं बघितलं, अक्का. आता चटकन होतं."

"स्वल्प, थोडं परत बघ की, अण्णा."

त्याने तीनदा बघितलं. तिन्ही वेळा क्षणात नाही.

"ते मशीन वाचत असायचं ना," अक्का म्हणाली, "तोवर मला वाटायचं, असतील खाली कुठंतरी, नंबर आला नसेल अजून."

"पुढच्या आठवड्यात नव्या नोंदी येतील," रणजीत कसाबसा म्हणाला. मला त्याची कीव आली आणि रागही आला.

"सरी, बरं," म्हणून ती उठली.

पुढच्या गुरुवारी ती आलीच नाही. रणजीतने फोन केला.

"तू सगळं बघितलंस ना. त्यांचे दिवस घालतोय आम्ही," अक्का म्हणाली. "सोमवारी जेवायला ये, अण्णा."