हळदीच्या हंगामातला ओटा

आईची अट साधी होती. "पंधरा दिवस येते. करमलं तर राहीन, न्हाई तर मला गाडीत बसवून दे." वडील जाऊन वर्ष झालं होतं आणि सांगलीकडच्या आमच्या गावात ती एकटीच राहत होती. इकडे मी सानपाड्यात फ्लॅटचा मालक झालो होतो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि मी तिथे पोहोचलो तो आईने पहाटे थापलेल्या भाकरीवर. ती आपल्याकडे कायमची राहावी, यापलीकडे त्या उन्हाळ्यात मला काही नको होतं.

म्हणून आम्ही स्वयंपाकघर नवं करायला काढलं. मूळचा ओटा काळ्या कडप्प्याचा होता, मधोमध तडा गेलेला. आई यायच्या आत ग्रॅनाइट, स्टीलचं सिंक आणि भिंतीला पांढऱ्या लाद्या झाल्या पाहिजेत, असं बायकोचं म्हणणं. ती वाशीच्या एका कोचिंग क्लासात गणित शिकवायची; उन्हाळी बॅचमुळे तिला सुट्टी नव्हती. मी न्हावा शेव्याच्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात होतो. दोघंही सकाळी बाहेर पडायचो ते संध्याकाळी परत.

कॉन्ट्रॅक्टर मिळाले ते आमच्या सेक्टरच्या मागच्या जुन्या गावातले. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची साखळी. आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो. पहिल्याच दिवशी त्यांनी खिडकीतून खाली बोट दाखवलं. "हितं आमची भातशेती होती, साहेब. तुमची बिल्डिंग हाय ना, थेट तितंच." ज्याच्या शेतावर आपण राहतो तो माणूस आपल्याला ओट्यासारख्या गोष्टीत फसवणार नाही, असं मला वाटलं, आणि ते खरंही ठरलं. त्यांनी मला कधीच फसवलं नाही. ते फक्त आले नाहीत.

"आठ दिवसान देताव," ते म्हणाले होते. आठ दिवस म्हणजे आठ दिवस, असं मला शाळेत शिकवलेलं होतं.

फोडायचं काम वेळेत झालं. मिस्त्रीने दुपारपर्यंत ओटा, मोरी आणि विचारलं नसतानाही भिंतीतलं एक फडताळ फोडलं. दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो.

"आज हलद होती," काका म्हणाले. "माजे भाचीची."

"आणि उद्या?"

"उद्या लगीन."

"मग परवा?"

"परवा दुसरी हलद हाय ना, साहेब." हे त्यांनी मला समजावल्यासारखं सांगितलं.

आमच्याकडे हळद म्हणजे पाच सुवासिनी, एक वाटी आणि तासाभराचं काम. त्यांच्या समाजात हळद म्हणजे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सगळं गाव, शिवाय दिघ्यापासून उरणपर्यंतचे सगे. बोलावणं आलं की जायचं, कारण उद्या आपल्याकडे ते येणार. काकांचे सगे फार होते. मिस्त्री त्यांचा चुलतभाऊ, लाद्यावाला मेहुणा. म्हणजे एका हळदीला आमचं सगळं स्वयंपाकघर जात होतं. आणि आम्ही काम काढलं होतं ते नेमकं लग्नसराईत.

ठरल्या दिवशी आई आली. ओटा नव्हता. गॅसची शेगडी गॅलरीत झाकून ठेवलेली, हॉलच्या कोपऱ्यात फरशीवर रॉकेलचा वातीचा स्टोव्ह आणि भांडी घासायला बाथरूम. बायकोला रडू येत होतं. मी आईला तयार केलेलं वाक्य सांगितलं: "आठवड्याभरात होईल."

आईने स्टोव्हसमोर पाट घेतला आणि बसून भाकऱ्या केल्या. "उभ्यानं का करता तुम्ही सगळं?" एवढंच ती म्हणाली.

दोन दिवसांनी काका आले. काम करायला नव्हे, काम का होत नाही ते सांगायला. मी बूट घालत होतो. आईने त्यांना बसवलं, चहा टाकला.

"कुणाचं लगीन हुतं म्हणे?"

"भाचीचं, मावशे."

"कुठं दिली?"

"कोपरखैरन्याला."

"पोरगा काय करतो?"

मला ओट्याबद्दल एक शब्द न बोलणारा माणूस आईला मुलाची नोकरी, मुलाच्या आईचा स्वभाव आणि मानपानावरून झालेली रुसारुशी, सगळं सांगत बसला. मी निघालो तेव्हा तिसऱ्या हळदीची हकीकत चालू होती. संध्याकाळी आलो तर सिमेंटची दोन पोती येऊन पडली होती.

त्यानंतर काम होऊ लागलं, पण काम म्हणजे काय ते मला नीट कळलं नाही. मिस्त्री दहाला येई. आई चहा करी. मिस्त्री एक थर लावी. जेवायच्या वेळी आई त्याला भाकरी आणि पिठलं वाढी. एकदा त्याच्या बायकोने सुकट पाठवली. माळ घातलेल्या माझ्या आईने ती मला आणि सुनेला खायला लावली, आणि डब्यात शेंगदाण्याची चटणी भरून डबा परत पाठवला. पंधरा दिवस उलटून गेले. जायचं नाव आईने काढलं नाही आणि मी विचारलं नाही.

एका संध्याकाळी आम्ही मायलेक हळदीला गेलो. आई बोलावणं होतं म्हणून, मी ग्रॅनाइटची चौकशी करायला. मांडवात बेंजो वाजत होता आणि आमचा मिस्त्री खांद्यावर भाच्याला घेऊन नाचत होता. मी काकांना गाठलं. "काका, ग्रॅनाइट..." त्यांनी माझ्या हातात भरलेलं ताट दिलं आणि पुढच्याकडे वळले. आई म्हाताऱ्या बायकांच्या घोळक्यात बसली होती. त्या लग्नाची गाणी म्हणत होत्या. शब्द तिच्या ओळखीचे नसावेत, पण ती मान हलवत होती.

शेवटी ग्रॅनाइट बसला, सिंक बसलं, लाद्या लागल्या. काका निरोप घ्यायला आले, तेव्हा आई भिंतीकडे बघत म्हणाली, "ही लादी तिरकी वाटत्या मला."

काका वाकले. "कंची?"

"ही. आणि तिच्या शेजारची."

काकांनी बराच वेळ बघितलं. "हां. जरा हाय."

दुसऱ्या दिवशी लाद्या निघाल्या. त्या आठवड्यात आईला सिंकचा उतारही चुकीचा वाटला. मी बायकोला म्हटलं, एवढे दिवस थांबून शेवटी कच्चंच काम केलं यांनी.

"अहो, लाद्या सरळ होत्या," बायको म्हणाली. "काटकोन मला दिसतो."

"मग आई असं का म्हणते?"

"दुपारी घरात कोण असतं?" तिने विचारलं.

 समोरचा फ्लॅट कुलूपबंद होता. वरचे लोक जिन्यात भेटले तर हसत, तेवढंच. मिस्त्री आला नाही तर आईला सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलायला कुणी नव्हतं.

पण भिंतीला लाद्या असून असून किती असणार. काम संपलं. बायको उभी राहून अर्ध्या वेळात स्वयंपाक करू लागली आणि आई हॉलमध्ये खुर्चीवर बसून राहू लागली. चार दिवसांनी तिने पिशवी भरायला घेतली. "तुमचं घर लई चांगलं झालंय," ती म्हणाली. "रविवारची गाडी बघ." मी एसटीचं आरक्षण करून आलो. शब्द दिलेला होता.

शनिवारी काका राहिलेली घमेली न्यायला आले. बायकोने चहा त्यांच्या हातात दिला.

"काका, गॅलरीला ग्रिल बसवायचंय. आणि बाथरूमही काढायचंय सगळं."

मी तिच्याकडे पाहिलं. भांडी महिनाभर बाथरूममध्ये घासली होती तिने.

"कवा करू?" काकांनी विचारलं.

"तुम्हाला जमेल तेव्हा. घाई नाही."

आई पिशवीची गाठ मारत होती, ती थांबली. "भिंत फोडायला लागंल?"

"थोरी फोरावी लागल, मावशे."

"हे दोघं दिसभर भाईर. तुमच्या माणसांकडं बघायला कोण हाय हितं?"

"तेच बोलताव मी," काका गंभीरपणे म्हणाले.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी चपला घातल्या.

तिकीट परत करताना खिडकीतल्या माणसाने विचारलं, काय झालं? मी सांगितलं, घरात काम काढलंय.