सव्वातीनात न मावलेलं जंगल

माझे भाऊजी उलटे चालत. आयुष्यभर नाटकांचे पडदे रंगवले. ब्रशाचे चार हात मारायचे आणि मागे सरकत जाऊन बघायचं, हे अंगात इतकं मुरलं होतं की लग्नाच्या मांडवातही कोणी नवं लुगडं नेसून समोर आलं तर ते आधी मागे जात आणि मग नमस्कार करत. एकदा घरातच असेच सरकत धान साठवायच्या ढोलीवर आदळले. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, चुलीपासून न उठता म्हणाली, "पुढं पाहून चालणारा एकही माणूस या घरात नाई."

सडक अर्जुनीपासून जवळच त्यांचं गाव. छापील पडदे आले तसं हाताचं काम थांबलं. जुन्यांपैकी एकच पडदा घरी उरला होता, जंगलाचा: मोह, साग, बांबूची बेटं, वर ताटाएवढा चंद्र. त्याच्या एका कोपऱ्याला वाळवी लागली होती. तो पुरता माती होण्याआधी ते जंगल कापडावर छापून पुन्हा रंगमंचावर उभं राहावं, येत्या मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकातच राहावं, एवढी एकच इच्छा त्यांनी धरली. अंगणातल्या उन्हात त्यांनी पडद्याचे तुकड्यातुकड्यांनी फोटो काढले आणि जुन्या कंप्यूटरवर ते जोडायला बसले.

पाच-सहा तुकडे जोडले की यंत्र म्हणे, मेमरी पुरत नाही. भाऊजींनी गोंदियाला जाऊन आठ जीबी मेमरी बसवून आणली. मग मला फुलचूरला फोन आला.

"साळेबुवा, आठ चारले तरी सव्वातीनच म्हणून राहिला. हा कोणाचा जावई आहे जी?"

मी कंप्यूटरच्या पुस्तकांत बघितलं आणि त्यांना सांगितलं, की तुमची विंडोज जुनी, बत्तीस बिटांची आहे. तिच्याकडे चार जीबीपुरतेच घरनंबर आहेत, पुढच्या घरांना नंबरच नाही, म्हणून तिथं टपाल जात नाही. त्या चारांतलेही काही कंप्यूटरच्या स्क्रीनचं कार्ड वगैरे अडवून बसतात. आणि एका प्रोग्रामला वापरायला मिळतात ते दोनच. बाकीचे विंडोज स्वतःसाठी राखून ठेवते.

"म्हणजे मालगुजारीच म्हणा न, जमीनदाराचा वाटा आधी," भाऊजी म्हणाले.

नवी विंडोज टाकली असती तर प्रश्न मिटला असता. पण त्यांचा चित्रांचा जुना प्रोग्राम आणि नाटकांची नावं लिहायची अक्षरं तिच्यावर चालत नव्हती, आणि ती सोडायला ते तयार नव्हते. मग मी शनिवार-रविवार तिकडे जाऊ लागलो. यंत्र सुरू होताना वाचतं त्या फाईलमध्ये एक शब्द घातला, तेव्हा विंडोजनं आपला वाटा एकावर आणला आणि प्रोग्रामला तीनपर्यंत जायची मोकळीक मिळाली. मागे चालू असलेलं घड्याळ, आवाज, भिंतीवरचं चित्र भाऊजींनी एकेक करून बंद केलं. प्रत्येक वेळी म्हणत, "ज्याचं जेवण झालं त्यानं उठावं. पंगत मोठी आहे."

तरीही जंगल मावलं नाही. शेवटी तेच म्हणाले, "पूर्ण वावर एका दिवशी रोवते का कोणी? एक बांधी झाली का मंग दुसरी." जंगलाच्या उभ्या पट्ट्या पाडायच्या ठरल्या. प्रत्येक पट्टीत शेजारच्या पट्टीचं हातभर जंगल जास्तीचं घ्यायचं, म्हणजे शिवताना झाडाला झाड जुळवता येईल.

त्या दुपारी मला अजून स्वप्नासारख्या वाटतात. बाहेर धान पिवळं पडत चाललेलं, खोलीत पंख्याची घरघर, आणि काचेवर हळूहळू सरकणारं जंगल. पट्टी उघडायला वेळ लागे. पानं आधी धुक्यासारखी दिसत, मग एकेक स्वच्छ होत. मध्येच भाऊजी माऊसवरचा हात काढत.

"काऊन थांबलात?"

"मोहाखाली बसू थोडं. चहा येऊन राहिला."

आणि आम्ही खरंच बसत असू.

पट्ट्या गोंदियाहून छापून आल्या. ताईनं त्या मशीनवर शिवल्या. मंडईच्या दिवशी दुपारी पडदा बांधला तेव्हा नाटक कंपनीचे मालक कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"भाऊ, दोन चंद्र काऊन हो?"

चंद्र नेमका त्या जास्तीच्या हातभरात आला होता, दोन्ही पट्ट्यांत. एका पट्टीतला कापायचा होता. ताई पदराशी चाळा करत म्हणाली, "मले नाई कापवला."

भाऊजी सवयीप्रमाणे उलटे चालत पार मांडवाच्या टोकापर्यंत गेले. तिथून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग मालकांना म्हणाले, "तुमचा हिरो दोन-दोन बायका करते, त्याले कोणी काही म्हणत नाई. राहू द्या."

राहिला. दुसऱ्या गावांतून त्याच पडद्याची मागणी येऊ लागली.

पुढे त्यांच्या मुलीनं नवा कंप्यूटर आणून दिला. त्यात फोटोंचे तुकडे पुन्हा जोडले तेव्हा सगळं जंगल एका क्षणात, एकसंध उघडलं. भाऊजींनी खुर्ची दारापर्यंत मागे ओढली. "चांगलं आहे," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "पण आता आत जाता येत नाई." त्याच पौषात ते गेले. छातीत दुखतं म्हणाले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

यंदा मालकांचा फोन आला. वाऱ्यानं पडदा फाटला होता. नवा हवा होता, पण तसाच, शिवणीसकट. मी ताईकडे गेलो. एकसंध जंगल उघडलं आणि त्याच्या पुन्हा पट्ट्या पाडायला बसलो. नव्या यंत्राला अडचण कसलीच नव्हती. बोट हलवलं की साग, बांबू, मोह सरसर मागे पळत होते. ताई माझ्या मागे उभी होती. तिनं खांद्यावर हात ठेवला.

"हळू ने, बाबू. ते असे भरभर नाई जात होते."