सुगंधाताईंची टोळी

हजेरीला आम्ही सगळे मान वर न करता ‘येस सर’ म्हणायचो. एकच आवाज खणखणीत यायचा, “हाय सर, हाय!” बेचाळीस वर्षांच्या सुगंधाताई उभ्या राहिलेल्या असायच्या.

राहात्याच्या कम्युनिटी कॉलेजात बिझनेस मॅनेजमेंटच्या पदविकेला आम्ही पोरंपोरी आलो, ती दुसरीकडे कुठे जमलं नाही म्हणून. सुगंधाताई पाथर्डीकडच्या. कित्येक हंगाम ऊसतोडीला जाऊन, बाहेरून बारावी होऊन हट्टानं आलेल्या.

एकदा सरांनी व्याख्या सांगितली, “व्यवस्थापन म्हणजे इतरांकडून काम करून घेणं.”

“करून घ्यायचं न्हाई सर, संगं करायचं आसतं.”

वर्ग हसला. सर म्हणाले, “सांगा बरं.” मग ताईंनी सांगितलं, टोळीत कोण तोडणार, कोण मोळ्या बांधणार, कोण पोरं सांभाळणार, हे कसं ठरतं. सर फळ्यावर लिहीत गेले. हसणं कधीच थांबलं होतं.

प्रात्यक्षिकाला आम्ही शिर्डीच्या एका हॉटेलात होतो. गटप्रमुख मी. गुरुवारी नव्वद भाविक जेवायला येणार, आणि अकरा वाजता आचारी भांडून निघून गेला! मॅनेजर नुसते फोन लावत सुटले. मी नुसती त्यांच्या मागे-मागे फिरत होते.

“तेजू, कागद आन,” ताई म्हणाल्या. “कोनाला काय येतंय ते लिव्ह.”

“ताई, मला काहीच येत नाही.”

“मान्सं मोजता येत्यात का? मग दारात हुबी ऱ्हा. बसतील तेवढीच आत सोड, बाकीच्यांना ताक दे.” मग मॅनेजरकडे वळून, “सायेब, तुमी कांदा चिरा.”

साहेबांनी खरंच बाह्या सरसावल्या. पिठलं, भाकरी, ठेचा! ताई स्वतः तव्यावर. मी दारातून ओरडत होते, “पुढचे दहा!” माझा आवाज एवढा मोठा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटची पंगत उठली तेव्हा आम्ही स्वयंपाकघरात अक्षरशः नाचलो.

मॅनेजरनी ताईंना तिथल्या तिथे नोकरी देऊ केली.

“नोकरी नको सायेब. आमच्या बाया कडक भाकरी करत्यात, लई दिस टिकती. तुमच्या काउंटरवर ठिवाल का?”

ते हो म्हणाले. पदविका मिळाल्याबरोबर ताई गावी परतल्या.

दिवाळीनंतर मी त्यांना भेटायला गेले. पत्र्याच्या शेडमध्ये टोळीतल्या सात बायका भाकऱ्या थापत होत्या. बाहेर दरवर्षीसारखा त्यांना ऊसतोडीला न्यायला ट्रक आला होता. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. एकीनं दाराकडे पाहिलं.

“हात चालू ठिवा गं,” ताई म्हणाल्या. पण त्यांचाच हात थांबला होता.

कुणी उठलं नाही. ट्रक निघून गेला. मग सगळ्याजणी एकदम हसायला लागल्या, आणि ताई पदरानं डोळे पुसत मोठ्यानं म्हणाल्या, “पीठ मळा, पीठ!”